अद्भुत बेटाचे नियम : ‘पीटर अँड वेंडी’ ही बालकादंबरी आणि कोकणचा वाचक

प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापनात बालसाहित्याच्या वाट्याला बहुधा एखादा घटक येतो आणि त्या घटकातही अद्भुतकथेची चर्चा मनोरंजन, कल्पनाशक्तीचा विकास व संस्कार या तीन शब्दांत आटोपते. अद्भुत म्हणजे वास्तवापासून काढलेली पळवाट, असा एक समज त्यामागे दडलेला असतो. या समजाची पारख करण्यासाठी जे. एम. बॅरी (१८६०-१९३७) यांच्या ‘पीटर अँड वेंडी’ (१९११) या कादंबरीइतकी सोयीची कृती क्वचितच सापडेल. लंडनमधील तीन भावंडे एका कधीच मोठ्या न होणाऱ्या मुलासोबत उडत एका बेटावर जातात, तेथे चाच्यांशी लढतात आणि घरी परततात, एवढेच तिचे कथानक. वरवर पाहता ही पळवाटच आहे. तथापि नेव्हरलँड नावाच्या या बेटावर काय चालते आणि काय चालत नाही, हे बारकाईने पाहू लागले म्हणजे चित्र पालटते.

बेटाला अद्भुत करणारी गोष्ट जादू नसून नियम आहेत आणि त्या नियमांतील सर्वांत कठोर नियम विस्मरणाचा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ते करताना रत्नागिरी जिल्ह्यातील वाचक डोळ्यांसमोर ठेवला आहे. या वाचकाला बेट ही चित्रात पाहण्याची वस्तू नाही. हर्णैच्या किनाऱ्यावर उभे राहिले की सुवर्णदुर्ग समोर दिसतो. खुद्द रत्नागिरी शहरालाच एका बाजूस पांढरा समुद्र व दुसऱ्या बाजूस काळा समुद्र आहे, आणि ही नावे कोणा कादंबरीकाराने दिलेली नाहीत. अशा वाचकापुढे परक्या समुद्रातील बेट कोणत्या शब्दांत मांडावे, हा प्रश्न अनुवादकाइतकाच अध्यापकाचाही आहे.

‘बेट’ या शब्दाचा पसारा

संस्कृत ‘द्वीप’ शब्दाच्या मुळाशी ‘द्वि’ आणि ‘अप्’ आहेत, म्हणजे दोहों बाजूंस पाणी असलेली भूमी. परंतु पुराणांतील सप्तद्वीपांमुळे या शब्दाला खंडाचा विस्तार प्राप्त झाला. पूजेच्या संकल्पात ‘जंबुद्वीप’ उच्चारताना कोणाच्याही मनात लहानसे बेट येत नाही. ‘जंजिरा’ हा अरबी ‘जझीरा’ म्हणजे बेट या शब्दापासून आलेला, पण मराठीत त्याचा अर्थ पाण्यातील किल्ला असा स्थिरावला. येथे भाषेनेच इतिहासाची साक्ष दिली आहे. मुरूडचा जंजिरा, मालवणच्या कुरटे बेटावर १६६४ मध्ये बांधावयास घेतलेला सिंधुदुर्ग, आंग्र्यांच्या आरमाराचा आधार असलेला आणि १७५५ मध्ये इंग्रजांनी घेतलेला सुवर्णदुर्ग, या सर्वांमुळे मराठी मनात बेट म्हटले की तट, बुरूज आणि तोफ येते. ज्या बेटावर आधीच इतिहासाने पहारा बसवला आहे, तेथे परीला उतरण्यास जागा मिळणे अवघड असते.

‘बेट’ हा रूढ शब्द अधिक मोकळा आहे. तो पाण्यातील भूमीलाही लागतो आणि बांबूच्या दाट जाळीलाही. परसातले कळकाचे बेट आणि समुद्रातले बेट यांना मराठीने एकच नाव द्यावे, ही गोष्ट कल्पकतेच्या दृष्टीने मोलाची आहे. दोन्ही ठिकाणी आतले बाहेरून दिसत नाही आणि दोन्ही ठिकाणी मुलांना एकट्याने जाण्याची मनाई असते. त्याहून घरगुती शब्द ‘जुवा’ किंवा ‘जुवे’ हा होय. खाडीच्या पाण्याने वेढलेल्या लहान भूमीसाठी तो किनाऱ्यावर वापरला जातो. राजापूर तालुक्यात जैतापूरजवळच्या खाडीत याच नावाचे गाव आहे आणि गोव्यातही जुवें आहे. जुव्यावर माणसे राहतात, मुले होडीने ये-जा करतात. त्यात गूढ असे काही नाही. पुढे पाहू त्याप्रमाणे, नेमकी हीच गोष्ट त्याला बॅरीच्या बेटाजवळ नेते.

नेव्हरलँडपूर्वीची बेटे

मराठी वाचकाला अद्भुत बेट नवे नाही. अकराव्या शतकातील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त शक्तिदेवाची कथा आहे. कनकपुरी पाहिलेल्या पुरुषाशीच विवाह करीन, असा राजकन्या कनकरेखेचा पण असतो. शक्तिदेव ती पाहिल्याची थाप मारतो, उघडा पडतो आणि मग खरोखरच तिच्या शोधास निघतो. त्याचे जहाज फुटते, मासा त्याला गिळतो, निषादांचा राजा सत्यव्रत याच्या उत्स्थल द्वीपावर त्या माशाचे पोट फाडल्यावर तो जिवंत बाहेर येतो. पुढे भोवऱ्यावर झुकलेल्या एका वडाची फांदी धरून तो वाचतो आणि त्या वडावर वस्तीला आलेल्या प्रचंड पक्ष्याच्या पाठीवर बसून कनकपुरीस पोहोचतो. तेथील विद्याधरी चंद्रप्रभा त्याला एकच गोष्ट बजावते : प्रासादाच्या मधल्या मजल्यावर जाऊ नकोस. तो अर्थातच जातो. तेथे त्याला कनकरेखेचेच निष्प्राण शरीर दिसते. जवळच्या सरोवराकाठी उभा असलेला घोडा लाथ मारून त्याला पाण्यात ढकलतो आणि तो डोके वर काढतो तो थेट आपल्या गावच्या तळ्यात.

या कथेत सोन्याच्या नगरीपेक्षा मधला मजला महत्त्वाचा आहे. कनकपुरीला सीमा आहे, तेथे जाण्याचा एकच मार्ग आहे, तेथे एक निषेध आहे आणि निषेध मोडला की परत फेकले जाण्याची शिक्षा आहे. म्हणजे बेटाची सारी यंत्रणा येथे नऊशे वर्षांपूर्वी सिद्ध झालेली दिसते. फक्त तिचा नायक मूल नाही.

एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ १८६१ पासून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हा सिंदबादची बेटे मराठीत आली. त्यातील पहिलेच बेट म्हणजे निजलेला महामत्स्य. त्याच्या पाठीवर खलाशी चूल पेटवतात आणि चटका बसताच बेट पाण्यात बुडी मारते. सिंधुबंदी अजून समाजमनातून गेली नव्हती, त्या काळात घरबसल्या समुद्र ओलांडण्याची ही सोय होती, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. विसाव्या शतकात भा. रा. भागवतांनी (१९१०-२००१) ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती दिल्या. मात्र व्हर्नचे बेट विज्ञानाचे आहे. तेथे माणूस निसर्गावर ताबा मिळवतो व घड्याळ अचूक चालते. बॅरीच्या बेटावर घड्याळ मगरीच्या पोटात असते.

नेव्हरलँड : रचना आणि नियम

हे बेट एका दिवसात तयार झाले नाही. १९०१ साली बॅरीने लुएलिन डेव्हिस कुटुंबातील मुलांच्या सुट्टीतील खेळांची छायाचित्रे एकत्र करून ‘द बॉय कास्टअवेज ऑफ ब्लॅक लेक आयलंड’ हे पुस्तक छापले. त्याच्या प्रती अवघ्या दोन. इंग्लंडातील सरे परगण्यात घराजवळचे तळे हाच त्यातला समुद्र होता. पुढल्या वर्षी आलेल्या ‘द लिटल व्हाइट बर्ड’मध्ये पीटर पॅन प्रथम अवतरला. तेथे बेट लंडनच्या केन्सिंग्टन बागेतील तळ्यात आहे आणि पक्ष्यांची मुले होण्याचे काम त्यावर चालते. २७ डिसेंबर १९०४ रोजी लंडनमध्ये ‘पीटर पॅन’ हे नाटक रंगभूमीवर आले आणि १९११ मध्ये त्याची कादंबरी झाली. तळ्यातून बागेत, बागेतून रंगमंचावर आणि तेथून पुस्तकात, असा या बेटाचा प्रवास आहे. ते दर खेपेस घरापासून दूर सरकत गेले, पण त्याचा घराशी असलेला धागा तुटला नाही.

कादंबरीच्या आरंभीच बॅरी मुलाच्या मनाचा नकाशा रंगवतो आणि तो नकाशा म्हणजे जवळजवळ नेहमी एक बेट असते, असे सुचवतो. त्या नकाशात प्रवाळ, गुहा आणि जहाजे आहेतच, पण शाळेचा पहिला दिवस, व्याकरणातील अडून बसणारी क्रियापदे, ठरावीक वारी मिळणारे गोड पक्वान्न आणि दात ओढून घेतल्याबद्दल मिळालेले पैसेही आहेत. प्रत्येक मुलाचे बेट वेगळे. जॉनच्या बेटावर एक सरोवर असून त्यावरून रोहित पक्षी उडतात. धाकट्या मायकेलच्या बेटावर एक रोहित पक्षी असून त्याच्यावरून सरोवरे उडतात. कर्ता आणि कर्म यांची ही अदलाबदल विनोदासाठी वाटते खरी, परंतु लहान मुलाच्या भाषाज्ञानाचे याहून नेमके निरीक्षण पाठ्यपुस्तकांतही विरळा. बॅरीचे बेट रोजच्या जगण्यातील सामानानेच भरलेले आहे, हा पहिला मुद्दा. जुव्याशी त्याचे नाते आहे ते यामुळे.

दुसरा मुद्दा नियमांचा. पीटर नसतो तेव्हा बेट सुस्त असते. तो येणार म्हटल्याबरोबर ते जागे होते. हरवलेली मुले पीटरच्या शोधात, चाचे मुलांच्या शोधात, टोळीवाले चाच्यांच्या शोधात आणि श्वापदे टोळीवाल्यांच्या शोधात बेटाभोवती फिरू लागतात. परंतु सर्वांचा वेग सारखा असल्यामुळे कोणी कोणाला गाठत नाही. खेळाचे हे गणित आहे. कोणी एक थांबला तरच गोष्ट पुढे सरकणार. (गणपतीत चाकरमानी आले म्हणजे जाग्या होणाऱ्या वाड्यांची आठवण कोकणातील वाचकास येथे झाली, तर तो दोष वाचकाचा नव्हे.) काळाचाही वेगळा हिशेब आहे. तेथे चंद्र-सूर्य मुख्य भूमीपेक्षा पुष्कळच अधिक असतात आणि किती वाजले हे पाहावयाचे तर मगर शोधून तिच्या पोटातले घड्याळ ठोके देईपर्यंत वाट पाहावी लागते. कॅप्टन हुकला मगर भिववते ती दातांमुळे, तशीच त्या टिकटिकीमुळेही. मोठ्या माणसाच्या पाठीस लागलेला काळ याहून सोप्या रीतीने मुलांच्या पुस्तकात आणता येणार नाही.

काही नियम मात्र निष्ठुर आहेत. बेटावर मोठे होणे मना आहे. मुले वाढू लागलेली दिसली की पीटर त्यांची संख्या कमी करतो, एवढेच बॅरी एका वाक्यात सांगतो आणि पुढे जातो. कशी कमी करतो, हे तो सांगत नाही. जेवण कधी खरे असते, कधी लटके. इतर मुलांना फरक कळतो, पीटरला कळत नाही, आणि लटक्या जेवणावरही पोट भरल्यासारखे वागावे लागते. हे स्वातंत्र्याचे बेट आहे, असे म्हणणाऱ्या समीक्षकांनी हा तपशील पुन्हा वाचावयास हवा. एका मुलाच्या लहरीवर चालणारे ते राज्य आहे.

विस्मरण आणि आई

सर्वांत खोल नियम कोणी घालून दिलेला नाही, तो आपोआप लागू होतो. बेटावर राहणारा घर विसरतो. जॉनला आईवडील अंधुक आठवू लागतात. मायकेल वेंडीलाच आई समजू लागतो. वेंडी घाबरते आणि उपाय म्हणून परीक्षा घेते. आईच्या डोळ्यांचा रंग कोणता, आई उंच की वडील, अशा प्रश्नांची उत्तरे मुलांनी पाटीवर लिहावयाची. पीटर या परीक्षेस बसत नाही. अध्यापकवर्गास हा प्रसंग हसवील, पण परीक्षा ही विस्मरणाविरुद्धची शेवटची तटबंदी म्हणून येथे येते, हे ध्यानात घ्यावे. उत्तरे येत नाहीत म्हणून प्रश्नपत्रिका निघते. आणि प्रश्न भूतकाळात विचारलेले आहेत, याचा अर्थ वेंडीही विसरू लागली आहे.

बॅरीच्या चरित्रातील एक घटना येथे टाळता येत नाही. १८६७ साली त्याचा थोरला भाऊ डेव्हिड बर्फावर घसरण्याच्या खेळात झालेल्या अपघातात वारला. तेव्हा डेव्हिड चौदा वर्षांचाही झाला नव्हता आणि बॅरी सहा वर्षांचा होता. आईने हा घाव कधीच विसरला नाही आणि गेलेला मुलगा आता सदैव मुलगाच राहील, या विचारात तिने आधार शोधला. आईवरील ‘मार्गारेट ओगिल्व्ही’ (१८९६) या पुस्तकात बॅरीने हे लिहिले आहे. मोठा न होणारा मुलगा ही कल्पना आनंदातून जन्मलेली नाही. स्वतः पीटर सांगतो की, तो घरी परतला तेव्हा खिडकीला गज लावलेले होते आणि त्याच्या बिछान्यात दुसरे मूल झोपलेले होते.

या ठिकाणी कोकणातील वाचकाच्या मनात दुसरे एक मूल उभे राहते. साने गुरुजींचा जन्म १८९९ चा, गाव दापोली तालुक्यातील पालगड, आणि ‘श्यामची आई’ (१९३५) हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले. दोन्ही पुस्तकांच्या केंद्रस्थानी आई आहे आणि दोन्हींत ती अनुपस्थित आहे. श्यामची आई गेलेली आहे, पीटरची आई नाकारलेली आहे. परंतु श्याम रात्रीमागून रात्र आठवत बसतो, तर पीटर विसरत जातो. श्याम पोहावयास भितो, तेव्हा आई त्याला शिमटीचा धाक दाखवून पाण्याकडे पाठवते. पीटर भरतीच्या पाण्यात बुडत चाललेल्या खडकावर एकटा उभा राहतो, कारण त्याला परत बोलावणारे कोणी नाही. श्याममध्ये भाबडेपणा आहे, असे म्हणण्याची प्रथा आहे, आणि पीटरमध्ये बेफिकिरी आहे, असे म्हणण्याची. या दोन कृती शेजारी ठेवून वाचल्या तर दोन्ही शेरे अपुरे पडतात. श्यामची आठवण हे श्रमाने केलेले काम आहे आणि पीटरची बेफिकिरी ही स्मरणाची शक्ती गमावल्याची खूण आहे. अखेरीस पीटर वेंडीकडे येतो, पण हुक कोण आणि टिंकर बेल कोण, हे त्याला आठवत नाही. पुढे वेंडी मोठी होते, तिला मुलगी होते. मुलांच्या पुस्तकात इतका थंड शेवट क्वचित आढळतो.

अनुवाद आणि अध्यापन : काही अडचणी

बॅरीच्या सरोवरातील जलकन्या मराठीत सहज ‘जलपरी’ होतात आणि तेथेच अर्थ हुकतो. परी म्हटली की ती प्रेमळ. बॅरीच्या जलकन्या पीटरखेरीज सर्वांशी फटकून वागतात आणि एक तर वेंडीचे पाय धरून तिला हळूच पाण्यात ओढू लागते. कोकणात आणि देशावरही पाण्यात ओढून नेणाऱ्या साती आसरा ठाऊक आहेत. त्यांना नारळ वाहिला जातो, त्यांच्या डोहाकाठी मुलांना जाऊ देत नाहीत. ‘आसरा’ हा शब्द वापरला तर भय आणि आकर्षण दोन्ही एकदम येतात. अडचण एवढीच की आसरांना पूजा आहे व बॅरीच्या जलकन्यांना नाही, शिवाय डोह गोड्या पाण्याचा. तरीही ‘जलपरी’पेक्षा हा शब्द सत्याच्या अधिक जवळ आहे.

भरतीच्या प्रसंगात उलट किनाऱ्यावरच्या वाचकाची बाजू वरचढ ठरते. चाचे टायगर लिलीला खडकावर सोडून देतात, कारण भरतीत तो खडक बुडणार आहे. पुढे त्याच खडकावर पीटर आणि वेंडी अडकतात. मायकेलच्या पतंगाच्या शेपटीला धरून वेंडी सुटते आणि पीटरला एक पक्षीण आपले तरंगते घरटे देते. शहरी मुलाला येथे तळटीप लागेल. भरती, सुकती, उधाण आणि भांग हे शब्द घरात ऐकणाऱ्या मुलाला पाणी किती चढेल याचा अंदाज स्वतःच येतो आणि प्रसंगाचा ताण दुप्पट होतो. मिऱ्या-मांडवीच्या परिसरातील विद्यार्थ्यांना हा उतारा शिकवताना खडकाची उंची त्यांनाच विचारावी.

सर्वांत मोठी अडचण टोळीवाल्यांची आहे. बॅरीने अमेरिकेतील मूलनिवासींचे चित्र त्या काळच्या साम्राज्यशाही पूर्वग्रहांसह काढले आहे. त्यांच्या टोळीला दिलेले नावही अवमानकारक आहे. मराठी रूपांतरात त्यांना ‘आदिवासी’ म्हणण्याचा मोह होईल, आणि मग वर्गात बसलेल्या कातकरी मुलापुढे पिसे खोचून नाचणारे, ‘गोऱ्या बापा’पुढे लोटांगण घालणारे आदिवासी उभे राहतील. हे अनुवादाचे अपयश तर होईलच, शिवाय अन्यायही. भाग गाळणे हाही उपाय नव्हे, कारण मग चौघांच्या त्या पाठलागाचे गणितच मोडते. महाविद्यालयीन पातळीवर तो भाग तसाच ठेवून त्याची चर्चा करावी आणि मुलांसाठीच्या रूपांतरात ती टोळी बॅरीच्या नकाशाप्रमाणेच मुलांच्या खेळातली, मुलांनीच सोंग घेतलेली ठेवावी, हा मार्ग त्यातल्या त्यात स्वीकारार्ह वाटतो.

उरतो नावाचा प्रश्न. ‘नेव्हरलँड’ला ‘कधीच नसलेला देश’ म्हणणे शब्दशः बरोबर आणि कानाला अशक्य. मराठी कथनाला अशा ठिकाणासाठी तयार नाव आहे : आटपाट नगर. पण आटपाट नगरात राजा-राणी असतात, मूल तेथे श्रोता असते आणि त्या नगराला किनारा नसतो. बेटाचा नियम वेगळा. तेथे मुलाला स्वतः जावे लागते आणि परत यावयाचे की नाही हेही त्यालाच ठरवावे लागते. म्हणून मूळ नाव तसेच ठेवून त्याला पहिल्याच पानावर ‘जुवे’ जोडून द्यावे : नेव्हरलँडचे जुवे. देशावरच्या वाचकाला तो शब्द एका वाक्यात समजावून सांगावा लागेल. जैतापूरच्या खाडीकाठच्या मुलाला तो समजावण्याची गरज नाही, आणि होडी सुटण्याची वेळही त्याला ठाऊक असते.